डेक्लनचा व्हिसा

दोष माझ्या बापाचा. हे आधीच सांगून टाकतो, कारण दुबईच्या करामा भागातले सगळे मराठी काका लोक या गोष्टी सांगून झाल्या की "बिचारा डेक्लन, नशीब त्याचं" म्हणतात आणि चहाचा कप खाली ठेवतात. नशीब वगैरे काही नाही. आमचे तीर्थरूप, सावंत फ्रेमवाले, त्यांनी केलं.

माणूस दुबईत असतो तोवर त्याच्याबद्दल कुणी धड बोलत नाही. विमान उडालं रे उडालं की प्रत्येकाच्या खिशातून त्याचा एक किस्सा निघतो, आणि प्रत्येक किश्श्यात सांगणाराच हुशार! डेक्लनच्या नावावर आता इतके जमलेत की ते ऐकून त्यालाच प्रश्न पडेल, मी एवढा कधी जगलो? मी फक्त माझ्यासमोर घडलेले सांगतो.

मी म्हणजे मंदार. वाढलो दुबईत, इंजिनिअरिंगला गेलो पुण्यात, दुसऱ्या वर्षातून परत आलो. 'परत आलो' हा माझा शब्द. घरातला शब्द 'पळून आला'. शिक्षा म्हणून मला दुकानात काच कापायला बसवलं होतं.

* * *

डेक्लन आयरिश चित्रकार. वय पन्नाशीचं, खांदे हमालाचे, आवाज मात्र लायब्ररीत बोलल्यासारखा. शारजाच्या एका शाळेत ड्रॉइंग शिकवायचा. पहिल्यांदा दुकानात आला तो एक मोठा कॅनव्हास घेऊन. त्याच्या गावाबाहेरची दलदल. वरपासून खालपर्यंत तपकिरी.

आमच्या दुकानात काय यायचं? लक्ष्मी, साईबाबा, डिग्री सर्टिफिकेट, एखाद्या शेखचा घोडा. बाबांनी ती दलदल चष्मा लावून पाहिली, चष्मा काढून पाहिली आणि म्हणाले, "साहेब, पूरा हो जाएगा तब लाना. हमको जल्दी नहीं है."

मला काउंटरखाली जावंसं वाटलं. डेक्लन स्टुलावर बसला. मग हळूच म्हणाला, "मिस्टर सावंत, माझ्या चित्रकलेच्या बाईंनीही हेच सांगितलं असतं."

चित्र परत घेऊन गेला. काही दिवसांनी आणलं तेव्हा वरच्या कडेला एक बारीक पांढरी रेघ होती. बाबा म्हणाले, "अब बराबर. आधी पाऊस पडत होता, आता थांबलाय."

त्या दिवसापासून डेक्लन प्रत्येक चित्र आधी बाबांना दाखवायचा. आणि जन्मभर कॅलेंडरांना फ्रेम घालणारा आमचा बाप समीक्षक झाला. घरी आमटीचा पहिला घास घेऊन म्हणायचे, "अजून पूर्ण व्हायचीय."

आई म्हणाली, "मग पूर्ण झाली की जेवा."

* * *

दुपारी एक ते चार दुकान बंद असायचं. सगळी दुबई तेव्हा झोपते. डेक्लन त्या वेळात येऊन मला ड्रॉइंग शिकवायचा. शिकवणं म्हणजे काय, तर माझ्या चित्राकडे बघून उसासा टाकायचा आणि कुठे उसासा टाकला हे मी शोधायचं.

त्यानेच एकदा सांगितलं की तोही डब्लिनच्या आर्ट कॉलेजातून दुसऱ्या वर्षी बाहेर पडला होता. मी ही बातमी फार आनंदाने घरी नेली.

बाबा म्हणाले, "म्हणूनच बघ, पन्नाशीत शारजात आहे."

* * *

एका शुक्रवारी डेक्लन मला खाडीवरच्या एका भारी हॉटेलात घेऊन गेला. लॉबीत भिंतभर एक चित्र होतं, समुद्राचं. लांब एक छोटी बोट. खाली पितळी पाटी, चित्रकाराचं नाव. हा चित्रकार आज आयर्लंडमधला मोठा माणूस आहे. तरुणपणी तो, डेक्लन आणि आणखी दोघं एका खाटकाच्या दुकानावरच्या खोल्यांत राहायचे, रंगवायचे, भांडायचे.

"चित्र त्याचं," डेक्लन म्हणाला. "बोट माझी."

"म्हणजे?"

"त्याला बोट काढता यायची नाही. मला हनुवटी यायची नाही. त्याच्या बोटी मी काढायचो, माझ्या माणसांच्या हनुवट्या तो."

मग दोघांत भांडण झालं. कशावरून ते डेक्लनने सांगितलं नाही, पण एक बाई होती हे कळायला इंजिनिअरिंग पुरं करावं लागत नाही.

"भांडणानंतर काय झालं?" मी विचारलं.

"माझ्या चित्रातली सगळी माणसं दाढी ठेवायला लागली. त्याचा समुद्र रिकामा झाला. टीकाकार म्हणाले, काय हा एकटेपणा. तो फेमस झाला."

* * *

डेक्लनच्या बाई एका डिसेंबरात दुबईला आल्या. नाव मॉयरा. सत्तरीच्या, बारीक, पायात पुरुषी बूट. डब्लिनमध्ये त्या चौघांनाही त्यांनीच शिकवलेलं. आईने त्यांना जेवायला बोलावलं, भरली वांगी केली आणि निघताना रीतसर कुंकू लावून ओटी भरली. नारळ, तांदूळ आणि खण. हिरवा, जांभळ्या काठाचा, आईने स्वतःसाठी जपून ठेवलेला.

दोन दिवसांनी बाई दुकानात आल्या. खण लाकडी चौकटीवर ताणून खिळे मारलेले आणि त्यावर ऑइल पेंटने दुबईबाहेरच्या हट्टा गावचे उघडे डोंगर काढलेले. जांभळा काठ खाली तसाच ठेवला होता, संध्याकाळच्या वाळूसारखा. खरं सांगतो, मी तोवर पाहिलेलं ते सगळ्यात सुंदर चित्र होतं. बाईंनी ते आईला भेट दिलं.

आईने हसून घेतलं. त्या वळल्याबरोबर मला मराठीत म्हणाली, "ओटीचा खण कुणी परत देतं का रे? आणि असा?"

पुढे डेक्लनने सांगितलं की बाईंच्या चित्रांसाठी म्युझियमवाले रांग लावतात.

"लावू देत," आई म्हणाली. "त्यांचा कुठे खण गेलाय?"

* * *

गणपतीत दुबईच्या मराठी मंडळाने मुलांची चित्रकला स्पर्धा ठेवली. मंडळाचे अध्यक्ष जगताप, कॉन्ट्रॅक्टर, जुमेरासारख्या महागड्या भागात व्हिला, बोलताना समोरच्याच्या खांद्यावरून तिसऱ्याकडे बघणारे. त्यांना परीक्षक गोरा हवा होता. बाबांनी डेक्लनला पुढे केलं.

विषय होता 'माझं घर'. डेक्लन टेबलांमधून फिरला. दोन डोंगर, मधून सूर्य, खाली नदी, कौलारू झोपडी, बाजूला माड. पुढच्या टेबलावर तेच. त्याच्या पुढच्यावरही तेच. ही पोरं राहायची बुर दुबईच्या फ्लॅटमध्ये. नदी त्यांनी फक्त विमानातून पाहिलेली.

डेक्लन मला म्हणाला, "ही सगळी एकाच गावची आहेत? मला तिथे जायचंय."

जगतापांची धाकटी सई जवळच बसली होती. तिने मान वर न करता उत्तर दिलं, "It's not a place, uncle. It's scenery."

पहिलं बक्षीस डेक्लनने एका मुलाला दिलं. त्याने खिडकीतला एसी काढला होता आणि त्याखाली गळणारं पाणी धरायला लावलेली बादली. सईला उत्तेजनार्थही नाही. जगताप स्टेजवर टाळ्या वाजवत होते, पण त्या टाळ्यांचा आवाज येत नव्हता.

* * *

मग शाळेने डेक्लनला काढलं. गुन्हा: त्याने वर्गात खोडरबर बंद केला. "चुकलेली रेघ राहू द्या, तिच्या शेजारी बरोबर काढा," असं मुलांना सांगायचा. पालकांनी तक्रार केली की ड्रॉइंगच्या वह्या घाण दिसतात.

शाळा गेली म्हणजे व्हिसा गेला. इथे राहायचं तर महिनाभरात दुसरा स्पॉन्सर पाहिजे, नाहीतर खलास, बॅग भरा. मी म्हटलं, "आयर्लंडला जा की. तुझा देश आहे."

"तिथे मी अजून बोटवाला आहे," तो म्हणाला. "प्रत्येक पार्टीत कुणीतरी विचारतं, त्या बोटी तुझ्याच ना? इथे मला कुणी ओळखत नाही. वीस वर्षांत झालं नाही एवढं काम इथे होतंय. मला राहायचंय, मंदार."

हे तो आमच्या दुकानाच्या मागच्या खोलीत, दलदलीच्या चौथ्या चित्रासमोर बसून बोलला. त्यात एक माणूस पाठमोरा उभा होता. दाढी आहे की नाही, कळत नव्हतं.

बाबा त्याला जगतापांकडे घेऊन गेले. मीही गेलो. जगताप म्हणाले, "एक व्हिसा पडून आहे. टाइल मेसनचा. चालेल?"

इथे हे सर्रास चालतं. आमच्या बिल्डिंगमधले अकाउंटंट काका कागदोपत्री वेल्डर आहेत. पण गोऱ्या माणसाला विचारायचं म्हणून बाबा घाबरले होते. डेक्लन मात्र खूश झाला. "माझे वडील टाइलच बसवायचे. मीही बसवल्यात."

जगतापांचा विश्वास बसेना, म्हणून त्याने त्यांच्या व्हिलातली गेस्ट बाथरूम हातात घेतली. त्यांच्याच माणसांनी बसवलेल्या तीन फरशा वाकड्या होत्या, त्या काढून सरळ केल्या. जगतापांनी वाकून पाहिलं. "हे काम येतंय तर चित्रं कशाला काढतो?"

पण अट होतीच. जगतापांच्या वडिलांना, आप्पांना, ऐंशी वर्षं पूर्ण होत होती. सहस्रचंद्रदर्शन दुबईतच करायचं होतं, आणि समारंभात आप्पांचं ऑइल पेंटिंग पाहिजे होतं, शेख लोकांच्या मजलिसमध्ये, म्हणजे दिवाणखान्यात, असतं तसं.

"आधी आप्पा," जगताप म्हणाले, "मग व्हिसाचं स्टॅम्पिंग. इन्शाल्ला."

* * *

आप्पा कराडकडचे. धोतर, टोपी, मिश्या. दाढी रोज सकाळी स्वतः वस्तऱ्याने करायचे. डेक्लनने पहिल्याच दिवशी मला हळूच विचारायला सांगितलं, थोडी दाढी वाढवतील का?

आप्पा म्हणाले, "सुतकात नाही मी. हाय तसं काढ म्हणावं."

बैठका चालू झाल्या. आप्पा बोलायचे मराठीत. पाटाचं पाणी, भावकी, गेलेली बायको. डेक्लनला वाटलं आपणही काही बोललं पाहिजे, म्हणून तो त्याच्या गावच्या आयरिश भाषेत बोलायला लागला. हा थांबला की तो, तो थांबला की हा. दोघांना एकमेकांचं अक्षर कळत नव्हतं. मी भाषांतर करू का विचारलं तर आप्पा म्हणाले, "तू गप बस. आमचं नीट चाललंय."

चौथ्या बैठकीला डेक्लनने हनुवटी काढली. वस्तऱ्याच्या बारीक जखमेसकट. उठला, बाल्कनीत गेला आणि बराच वेळ तिथेच उभा राहिला.

आप्पांनी चित्राजवळ जाऊन पाहिलं आणि आपली हनुवटी चाचपली. "मंदार, ह्याला चहा पाज. दमलाय त्यो."

* * *

समारंभ शुक्रवारी होता. मी सकाळपासून जगतापांच्या हॉलमध्ये खिळे ठोकत आणि खुर्च्या मांडत होतो. फ्रेम बाबांनी रात्री पूर्ण केली होती. ते आणि डेक्लन पिकअपमधून ती चादरीत गुंडाळून घेऊन आले. बाबांनी ती स्वतः टांगली आणि पुढे लाल मखमली पडदा ओढला.

डेक्लन माझ्याजवळ आला. त्याचे डोळे ओले होते. "तुझ्या वडिलांनी फ्रेमवर फार सुंदर काहीतरी केलंय. मी विचारलं हे काय, तर म्हणाले, रिस्पेक्ट."

मला वाटलं, सोनेरी पट्टी लावली असेल.

आप्पांना ओवाळून झालं. सगळे मांडीवर प्लेटी घेऊन बसले. जगतापांनी मराठीत, हिंदीत आणि इंग्रजीत भाषण केलं. मग आप्पांनी स्वतः दोरी ओढली.

चित्र अप्रतिम होतं. हे मी आजही कुणाशीही भांडून सांगेन. आणि त्या चित्राला, एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत, चंदनाचा हार घातला होता.

आमच्या दुकानात एकट्या म्हाताऱ्या माणसाची एवढी मोठी फ्रेम करायला येतं कोण? ज्यांच्या घरी कुणी गेलंय तेच. बाबा अशा फ्रेमला आपल्याकडून हार घालून देतात. वर्षानुवर्षं. हात आपोआप ड्रॉवरकडे जातो.

जगतापांच्या बायकोने पदर तोंडाला लावला. सई म्हणाली, "But Ajoba is right here."

आप्पा चित्रासमोर उभे राहिले. हाराला हात लावून पाहिला, वास घेतला.

"राहू द्या," ते म्हणाले. "लागणारच हाय."

जगतापांचा चेहरा काळा पडला होता. ते पाहुण्यांकडे वळले आणि इंग्रजीत म्हणाले, "Who has done this?"

पहिल्या रांगेतून डेक्लन उठला. जॅकेटचं बटण लावलं, छातीवर हात ठेवला आणि सगळ्यांसमोर थोडासा वाकला.

बाबा पडद्याजवळ उभे होते. हातात दोरी होती, ती ते गुंडाळत होते.

मी म्हणालो, "काका, तो हार बाबांनी..."

"मंदार," बाबा म्हणाले, "पाणी वाढ सगळ्यांना."

जगतापांनी तो व्हिसा दुसऱ्याला दिला. महिनाअखेर डेक्लनला देश सोडावा लागला.