प्रसादातले बेदाणे

त्या रविवारी सकाळी दाराची बेल तीनदा वाजली आणि आमच्या यांना पत्ताच नाही. मी आंघोळीला गेले होते. ओल्या केसांनी धावत येऊन पाहते तर हे हॉलमध्ये निवांत पेपर वाचतायत आणि बाहेर इस्त्रीवाला गाठोडं घेऊन ताटकळलाय. खडकीच्या कारखान्यात तीस वर्षं यंत्रांशेजारी उभं राहून यांचे कान गेले. ऐकायचं मशीन आहे, पण ते डबीत. कानात घातलं की डोक्यात भांडी पडतात म्हणे. त्यामुळे बेल वाजली, फोन वाजला, की यांना सांगायचं काम आमच्या कुत्र्याचं. त्याला हे कुणी शिकवलं नव्हतं. तो यायचा, यांच्या गुडघ्यावर नाक टेकायचा आणि हे उठायचे. त्या दिवशी तो आलाच नाही.

तो गॅलरीत आडवा पडला होता. शेजारी उलटी. मी ती पुसून घेतली. त्यात रवा होता आणि फुगून टम्म झालेले बेदाणे होते. मी ते या डोळ्यांनी पाहिले, कागदात गुंडाळले आणि फेकून दिले. डोक्यात काही म्हणजे काही शिरलं नाही.

आदल्या दिवशी आमच्याकडे सत्यनारायण झाला होता. प्रसाद मीच करते, सव्वाच्या मापानं, आणि बेदाण्याला माझा हात सढळ. प्रसादात बेदाणा शोधावा लागला तर तो प्रसाद कसला, असं मी चारचौघांत बोलूनही दाखवते. सगळ्यांना द्रोण दिले, तसा त्यालाही दिला. घरातलं जितकं म्हणून माणूस, तितक्यांच्या तोंडी प्रसाद लागलाच पाहिजे, आणि तो आमच्यात धरलेलाच होता.

रिक्षा करून त्याला येरवड्याच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरुण मुलगी होती. तिनं विचारलं, "काकू, यानं काही वेगळं खाल्लंय का? बाहेरचं, उरलंसुरलं?"

"छे. आमच्याकडे असलं काही चालत नाही. पोळी आणि भात, बस्स."

मी खोटं बोलले नाही, हेच तर वाईट. प्रसाद हे खाणं असतं, असं मला कधी वाटलंच नव्हतं. प्रसादानं उपास मोडत नाही, प्रसादानं बाधत नाही, हे ऐकतच मी लहानाची मोठी झाले. पोट बिघडलं असावं असं समजून तिनं इंजेक्शन दिलं आणि आम्ही परत आलो. माझ्या त्या ठसक्यातल्या उत्तरापायी त्याचा अख्खा दिवस वाया गेला.

सोमवारी तो उठेना. पाण्याला तोंड लावेना. आदल्या दुपारपासून त्यानं लघवीही केली नव्हती. आम्ही पुन्हा दवाखान्यात जाऊन बसलो. माझा चष्मा आदल्या दिवशी गडबडीत घरी राहिला होता, आज होता. समोरच्या भिंतीवर पाटी होती. पुण्यात जन्म गेलेल्या बाईला पाटी दिसली की वाचल्याशिवाय राहवत नाही. कुत्र्याला काय देऊ नये त्याची यादी होती ती. चॉकलेट, कांदा, द्राक्षं, बेदाणे.

शेवटचा शब्द मी पुन्हा वाचला. यांच्याकडे वळून मी हळूच म्हटलं, "अहो, माझ्यामुळे झालंय हे."

"काय?"

"मी त्याला प्रसाद दिला होता."

"काय म्हणतेस?"

आयुष्यात पहिल्यांदा मी चूक कबूल करत होते आणि तीही मला ओरडून करावी लागली. "मी प्रसाद दिला त्याला! बेदाण्यांचा!" मांजरीची टोपली मांडीवर घेतलेली एक बाई, पॉमेरेनियनवाले एक आजोबा, सगळ्यांनी ऐकलं आणि सगळ्यांनी माना खाली घातल्या.

हे कुत्र्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. मग म्हणाले, "माझाही द्रोण त्यालाच गेला. साखर वाढलीय माझी. तुला सांगितलं असतं तर म्हणाली असतीस, प्रसादानं काही होत नाही." ऐकू न येणाऱ्या माणसाला आपल्या आवाजाचा अंदाज नसतो. तेही सगळ्यांनी ऐकलं.

डॉक्टर रागावली नाही. "काल सांगायला हवं होतं, काकू," एवढंच म्हणाली. रागावली असती तर बरं झालं असतं. बेदाण्यांनी त्याची किडनी धरली होती. सलाईन लावलं. लघवी सुरू झाली तर तो वाचेल, नाहीतर अवघड आहे, असं तिनं स्पष्ट सांगितलं.

तीन दिवस आम्ही सकाळपासून दवाखाना बंद होईपर्यंत तिथे बसलो. हे फरशीवर, त्याचं डोकं मांडीवर घेऊन. मी डबा न्यायचे, तो तसाच परत यायचा. देवाला काय म्हणावं ते मला सुचेना. त्याचाच प्रसाद आणि माझाच हात, दोष तरी कुणाला देणार? बुधवारी सकाळी निघताना यांनी कपाटातली डबी काढली आणि कुणी न सांगता मशीन कानात घातलं. पाच वर्षं मी ज्यासाठी डोकं फोडलं ते यांनी आपणहून केलं आणि मला रडू कोसळलं. यांनी मनातल्या मनात त्याची आशा सोडली होती, दुसरं काय.

त्याच दुपारी त्यानं यांच्या पायजम्यावर लघवी केली. हे ओल्या पायजम्यानं हलायला तयार होईनात. डॉक्टर डोळे पुसत हसली. मी भिंतीकडे तोंड करून हात जोडले.

आठवड्यानं तो घरी आला तेव्हा हाडांचा सापळा झाला होता. चार पावलं चालला की बसायचा. मशीन यांच्या कानातच राहिलं होतं आणि आता सगळं ऐकू येत होतं, माझी बडबडसुद्धा.

रविवारी बेल वाजली. मी स्वयंपाकघराच्या दारात होते. यांची मान दाराकडे वळलेली मी पाहिली. बेल यांना स्वच्छ ऐकू आली होती. पण हे उठले नाहीत. पेपर तसाच समोर धरून बसून राहिले. मी पाऊल टाकणार, तेवढ्यात यांनी हातानंच मला थांबवलं. बेल पुन्हा वाजली. कोपऱ्यातल्या गोधडीवरून तो उठला, लटपटला, मध्ये एकदा बसला, पुन्हा उठला. सावकाश येऊन त्यानं यांच्या गुडघ्यावर नाक टेकलं.

"कोण आलंय रे?" असं म्हणत हे उठले आणि दार उघडायला गेले.