रेल्वेची लाल खुंटी

सत्तरच्या दशकात दिवा-वसई रेल्वेची मोजणी कामतघरला आली. मोजणीच्या साहेबांनी आमच्या वालाच्या शेतात, बांधाला लागूनच, लाल खुंटी ठोकली. बांधापलीकडे काकांचं शेत, आणि त्या बांधावरूनच बाबांचं नि काकांचं बोलणं बंद. साहेबांची पाठ वळताच बाबांनी खुंटी उपटून काकांच्या शेतात ठोकली. "जाऊ दे रूळ त्याच्या वालातून!"

बाबा जेवायला घरी आले आणि काकांनी ती उपटून आमच्याकडे, त्याच जुन्या भोकात बसवली. मग रोज हेच. सकाळी बाबा, दुपारी काका. मी शेंगा खुडत दोघांना बघायचे आणि कुणालाही सांगायचे नाही. एवढी फुकटची करमणूक कोण बंद करील?

महिन्याने साहेब फेरमोजणीला आले, ते नेमके दुपारच्या जेवणानंतर. फीत लावून खूश झाले. "सगळीकडे लोकांनी खुंट्या हलवल्यात. तुमची इंचभरही हलली नाही!"

बाबांनी छाती पुढे काढली. "आमच्यात दुसऱ्याच्या बांधाला कुनी हात लावत न्हाय, साहेब."

"न्हायच लावत," पलीकडून काका म्हणाले.

इतक्या वर्षांत दोघांचं पहिल्यांदा एकमत झालं, तेही धडधडीत खोट्यावर.