माझ्या अक्षरातलं वय

आमच्या शाळेत त्या काळी निम्मी पोरं एक जूनला जन्मायची. कोपरगाव तालुक्यातलं गाव. आईबापांना तारीख ठाऊक नसायची, आणि मी मास्तर म्हणून पोराची उंची बघून साल ठोकून द्यायचो. सटवाईनंतर तुमचाच हात, असं लोक म्हणत, आणि मी फुशारून जात असे.

बहात्तरच्या दुष्काळात माझी एक जुनी विद्यार्थिनी गावातून गेली. सहावीनंतर तिची शाळा सुटली होती, दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. लांबच्या नात्यातल्या एका बाईनं मुंबईत घरकाम लावून देते म्हणून तिला नेलं आणि कुंटणखान्यात विकलं. चार महिन्यांनी पोलिसांनी तिला सोडवलं, बाईला धरलं, आणि नगरच्या कोर्टात खटला उभा राहिला. अठराच्या आतली मुलगी विकली तर दहा वर्षांपर्यंत शिक्षा होती. अठरा पुरी असतील तर ते कलमच लागत नव्हतं. डॉक्टरांनी वय लिहिलं सोळा ते अठरा, म्हणजे काहीच ठरेना. आणि शाळेच्या रजिस्टरप्रमाणे ती गेली तेव्हा तिला अठरा पुरी होऊन दीड महिना झाला होता. ती नोंद माझीच.

बाईच्या वकिलानं मला साक्षीला बोलावलं. हेडमास्तरांनी बजावलं, लिहिलंय तेवढं वाचायचं आणि पुढची एस.टी. धरायची, जास्त बोललास तर नोकरीवर येईल. मी मूळचा भित्रा, मला ते पटलंही.

कोर्टात ती मागच्या बाकावर बापाशेजारी बसली होती. माझ्याकडं बघतही नव्हती. मी तारीख वाचली. नोंद खरी ना, असं वकिलानं विचारलं.

"अक्षर माझं आहे, साहेब. तारीख खोटी आहे. पहिलीत घेताना पोरगी उफाड्याची दिसली, मी सात वर्षं लिहून टाकली."

मग तुमच्या सगळ्याच तारखा खोट्या का, म्हणाला. बऱ्याचशा, असं मी कबूल केलं. कोर्टात खसखस पिकली आणि माझे कान तापले. न्यायाधीश मात्र हसले नाहीत. ती लहान होती हे कशावरून, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं, तिचा पहिला दुधाचा दात दुसरीत माझ्यासमोर पाटीवर पडला. रजिस्टरात तेव्हा ती आठ उलटून गेली होती. चार लेकरांचा बाप आहे मी, पहिला दात सहाव्याच्या आसपास पडतो एवढं मला कळतं.

डॉक्टरांचा दाखला आणि माझी साक्ष मिळून ती अठराच्या आतली ठरली. बाईला सात वर्षं सक्तमजुरी झाली. मला ठपक्याचं पत्र आलं, ते योग्यच होतं.

निकालाच्या दिवशी कोर्टाबाहेर ती पहिल्यांदा माझ्याशी बोलली.

"गुर्जी, कोर्टानं माजं वय कमी केलं न्हवं? मंग आता सातवीला बसू द्याल का?"

बाप खाली मान घालून उभा होता. गाव काय बोलेल ते मला दिसत होतं. सोमवारपासून ये, म्हणालो, आणि तिथंच सगळ्यांदेखत रडलो.