बोकडाचा होकार

शाळा-कॉलेजांत प्राण्यांच्या हक्कांवर बोलायला मला बोलावतात. व्यावसायिक कबड्डी खेळणारा, त्यातून आगरी घरातला, आणि मटण-मासे तर सोडाच, चहात दूधसुद्धा घेत नाही, याची लोकांना गंमत वाटते. शेवटी कोणीतरी हात वर करून विचारतंच, "सर, तुम्ही व्हीगन कसे झालात?" मी सांगतो, ऑपरेशननंतर अंथरुणावर पडून होतो तेव्हा कत्तलखान्याचा एक व्हिडिओ पाहिला आणि डोळे उघडले. टाळ्या पडतात. असा कुठलाही व्हिडिओ मी पाहिलेला नाही. मी खोटं बोलतो, आणि आता ते इतक्या सफाईने बोलतो की माझा मलाच राग येतो.

खरं काय ते इथे लिहून टाकतो.

आठ वर्षांपूर्वी एका सामन्यात चढाईला गेलो आणि माझ्या उजव्या पायावर दोघे जण पडले. गुडघ्यातलं लिगामेंट तुटलं. डॉक्टर म्हणाले, चालाल, पळालही, पण खेळाल की नाही ते आत्ता सांगता येत नाही. आईने हॉस्पिटलच्या बाकावर बसल्या बसल्या गावदेवीला नवस बोलला. पोरगा पुन्हा मैदानात उतरला तर बोकड देईन. माझ्या कुबड्या सुटल्या त्याच आठवड्यात तिने बोकड आणूनही ठेवला, कारण आमच्याकडे नवसाचा बोकड आधी घरचं खाऊन घरचा व्हावा लागतो.

भाईंदर पूर्वेला, गोडदेवात आमच्या जुन्या घराच्या जागी आता सात मजली इमारत आहे, पण मागे विहिरीशेजारी थोडी मोकळी जागा राहिली आहे. तिथे तो बांधलेला असायचा. तांबडा, लांब कानांचा, जरा आगाऊ. मला रोज सकाळी चालायचा व्यायाम सांगितला होता. एकट्याने लंगडत चालायची मला लाज वाटायची, म्हणून मी त्याला दोरी लावून बरोबर घ्यायचो. लोक मग बोकडाकडे बघायचे, माझ्या पायाकडे नाही. नवघरपर्यंत जायचं आणि परत यायचं. रस्त्यात भाजीवाल्यांच्या टोपल्यांत तो तोंड घालायचा आणि शिव्या मला बसायच्या. त्याला नाव ठेवलं नव्हतं. खायच्या जनावराला आम्ही नाव ठेवत नाही.

रविवारी विहिरीवर मी त्याला आंघोळ घालायचो. डाव्या कानात ओलं बोट घातलं की तो डोक्यापासून शेपटीपर्यंत असा काही हलायचा की दोन्ही कान मानेवर फटाफट आपटायचे आणि मी अर्धा भिजायचो. मग मी पुन्हा बोट घालायचो. दोघांनाही कंटाळा यायचा नाही. माझा गुडघा जसजसा बरा होत होता तसतसा त्याचा दिवस जवळ येत होता, आणि हे मला चांगलं कळत होतं. मी बोललो काहीच नाही.

मैदानात परतल्यावर पहिलाच सामना आम्ही जिंकलो. पुढच्या मंगळवारी देवळामागे सगळं गोत जमलं. आमच्यात असं असतं की बोकडाला हळदकुंकू लावायचं, हार घालायचा, डोक्यावर पाठीवर पाणी शिंपडायचं आणि थांबायचं. त्याने अंग झाडलं म्हणजे देवीने मान्य केलं, आणि बोकडही हो म्हणाला. झाडल्याशिवाय त्याला हात लावत नाहीत. काकांनी पाणी टाकलं. बोकड गळ्यातला हार खात उभा राहिला. पुन्हा टाकलं, पुन्हा तेच. अर्धा तास झाला. तिकडे तांदळाच्या भाकऱ्या होऊन बसलेल्या, मसाला वाटून ठेवलेला, आणि इकडे बायकांत कुजबूज सुरू झाली, "देवी घेत न्हाय." आईचा चेहरा पांढराफटक पडला. देवीने बोकड नाकारला म्हणजे दिलेला गुडघा ती परत घेणार, एवढा सरळ हिशोब होता तिचा.

मी पुढे झालो आणि तांब्या घेतला. चढाईवाल्याचं कामच ते, समोरच्याला कळायच्या आत हात लावायचा आणि मागे यायचं. पाणी डोक्यावर ओतलं आणि ओतता ओतता ओलं बोट डाव्या कानात फिरवलं. त्याला वाटलं असेल, आज रविवार आहे. त्याने माझ्याकडे बघितलं आणि कडकडून अंग झाडलं. एकच गलका झाला, ढोल वाजला, आई रडायला लागली. मी देवळाच्या पुढच्या बाजूला जाऊन उभा राहिलो. दुपारी पंगतीत बसून जेवलोही. हे कुठल्याच भाषणात मी सांगितलेलं नाही.

त्यानंतर तो आवाज मागे लागला. कानांचा. गल्लीतलं कुत्रं डबक्यातून उठून अंग झाडायचं आणि मी हातातला घास खाली ठेवायचो. वरच्या मजल्यावरची बाई ओली चादर झटकायची, मी खाली जागच्या जागी उभा. एकदा भर सामन्यात समोरच्या खेळाडूने घामाने भिजलेलं डोकं झटकलं आणि माझा दम तुटला. पंचाने बाद दिलं, प्रशिक्षक चिडले, गुडघा दुखतोय का म्हणून विचारलं. मी हो म्हणालो. मटण सोडलं. मग मासे सोडले, मग अंडी, मग दूध. लोक त्याला तत्त्व म्हणतात. मी फक्त बघत होतो की काय सोडलं की तो आवाज थांबतो. तो थांबला नाही. जनावरांविषयी मी जे बोलतो ते मला मनापासून पटतं, पण पटलं नंतर. आधी भीती होती.

भाईंदर पश्चिमेला प्राण्यांसाठी काम करणाऱ्यांनी माझा मोठा फोटो लावला, तेव्हा तिथला एक जैन दुकानदार खूश होऊन म्हणाला, "भाई, आप तो अब हमारे हो गए!" मी सांगितलं, मी तूपही खात नाही. "घी भी नहीं?" त्याने आईपेक्षाही जास्त कळवळून विचारलं. आई बिचारी माझ्यासाठी नारळाच्या दुधात वाल करायला शिकली. तिचं म्हणणं साधं होतं, देवीने पाय दिला, आता पोरगा काही का खाईना, काय हरकत आहे.

यंदा आईच्या हृदयाची झडप खराब निघाली. ऑपरेशनची तारीख मिळाली. मावशीने लगेच देवीला बोकड बोलला, तोही आधी द्यायचा, मग हॉस्पिटल. आणि मला म्हणाली, "पानी तूच टाकाचा. तुझ्या हाताला देवी लगेच देते." इतकी वर्षं घरातल्या प्रत्येक नवसाला मी सामन्याची, सरावाची थाप मारून पळत आलो होतो. या वेळी पळायला जागा नव्हती. मी ठरवलं, आईला खरं सांगायचं. तिला पटलं तर मावशीचा बोकड वाचेल, आणि ऑपरेशनही काही अडणार नाही.

दुपारी ती वाल सोलत बसली होती. मी समोर बसलो आणि म्हणालो, "आये, माझ्या नवसाच्या बोकडानं आपणहून अंग झाडलं नव्हतं. मी त्याच्या कानात बोट घातलं होतं."

तिचे हात चालूच होते. "मंग तो हो बोल्ला न्हाय?"

"न्हाय."

मला वाटलं, जमलं. मी पुढचं बोलून घेतलं. देवीने बोकड घेतला नाही तरी माझा पाय बरा झाला, सात वर्षं खेळतोय, म्हणजे देवीला बोकड नकोच आहे. शाळांमध्ये असं काही सांगितलं की पोरं माना डोलावतात. आईने वालाची टोपली बाजूला सारली.

"म्हंजी सात वरसं तिचा नवस तसाच रायलाय," ती म्हणाली. तिने छातीवर हात ठेवला. "आनि मी बोलते, माझं कालीज का बिघडलं."

ती माझ्यावर चिडलीसुद्धा नाही, उलट तिला उत्तर सापडल्यासारखं वाटलं. "आता मावशीच्या संगती तुझाबी फेडाचा. तवर मी हास्पिटलात जानार न्हाय. नि बोकड तूच आनाचा, बाला."

चार दिवस मी भांडलो. डॉक्टरांनी समजावलं, बहीण रडली, मी एकदा भांडं आपटलं. आई गोळ्या घ्यायची, पण बॅग भरायची नाही. न्हाणीघरापर्यंत जाऊन आली तरी भिंतीला धरून उभी राहायची. पाचव्या दिवशी मी जाऊन बोकड घेतला. विकणाऱ्याने मला ओळखलं, कबड्डीतला म्हणून. त्याने फोटो काढून घेतला, मधे बोकड आणि दोन बाजूंना आम्ही. मी हसलोही असेन, सवय असते.

पुढे ऑपरेशन नीट झालं, आई घरी आहे, हे आधीच सांगून टाकतो. मला सांगायचंय ते त्याआधीच्या मंगळवारचं, देवळामागचं. मावशीच्या बोकडाने पहिल्या पाण्यालाच अंग झाडलं. मग माझा. काळा, लहानसा, मला न ओळखणारा. आईला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून आणलं होतं. मी पाणी ओतलं तशी ती म्हणाली, "मागं सर. दोनी हात मना दिसू दे."

मी चार पावलं मागे गेलो आणि हात पुढे धरून उभा राहिलो. बोकड हलेना. हा आता नाही म्हणतोय, मी मनात म्हटलं, म्हणू दे त्याला. मग आईकडे बघितलं. तिच्या ओठांना निळसर रंग आला होता आणि ती बोकडावरची नजर काढत नव्हती. किती वेळ गेला कोण जाणे. मग कोणीही हात न लावता त्याने शेपटीपर्यंत अंग झाडलं.

"घेतला!" म्हणून सगळ्यांच्या आधी मीच ओरडलो, आणि आनंदाने ओरडलो.