टोपलीखालचं अजगर

माझं अक्षर गिचमिड आणि शुद्धलेखन त्याहून वाईट. चौथीपर्यंतच शिकले, तेव्हा सांभाळून घ्यावं. तर, एकदा आम्ही घोणस पाळली होती.

कानडी मुलखात, येलहंक्याला नव्याने राहायला गेलो तेव्हा घरामागे नुसतं गवत. चुलीसाठी रचलेल्या नारळाच्या सोडणांत एक जाडा साप निघाला. अंगावर साखळीसारखी नक्षी. आमच्या ह्यांनी लगेच ओळखला. "अजगराचं पिल्लू. म्हैसूरच्या झूमध्ये बघितलंय." (झूमध्ये हे वडे खात होते. मी सोबत होते!)

ह्यांनी पडवीतच त्याच्यावर बांबूची टोपली घातली, वर पाट्याचा दगड. रविवारी रानात सोडायचं ठरलं. पण तो शुक्रवार. शेजारच्या गौरम्मा नागदेव म्हणून दूध घेऊन आल्या, पाठोपाठ अख्खी गल्ली. दगडावर कुंकू, दगडावर रुपये. नाही म्हणायला माझं तोंड कुठे उघडतं! साप कुकरसारखा फुसफुसे, दुधाला मात्र शिवेना. पोट फुगलेलं बघून सासूबाई म्हणाल्या, उंदीर गिळलाय, त्याचं जेवण झालंय.

रविवारी सकाळी आमची रांगती सुमी टोपलीपाशी बसून टाळ्या वाजवत होती. टोपलीच्या फटींतून बुटाच्या नाड्या बाहेर येत होत्या. एका नाडीने जीभ काढली.

सुमीला कशी उचलली, आठवत नाही. पलंगावर चढले तर सासूबाई आणि हे आधीच वर!

"अजगर अंडी घालतं ना?" मी ओरडले. लग्नानंतर पहिल्यांदाच.

"घालतं," हे आईच्या मागून म्हणाले.

गौरम्मांनी सापवाल्याला बोलावलं. मोठीला पोत्यात कोंडून तो एकेक पिल्लू काठीने मडक्यात टाकत सांगत होता, ही कोळकमंडल. (म्हणजे आपली घोणस.) गवतात, ढिगाऱ्यात राहते, उंदीर खाते, अंडी न घालता पिल्लंच देते, आणि पिल्लांनाही जन्मापासून विष. दूध तुम्हीच प्या, अक्का.

"सगळी मिळाली?" मी विचारलं.

"तुम्ही मोजली होती?"

झालं. त्यानंतर कोणी पाय खाली सोडून बसेना. सुमी दिवसभर माझ्या कडेवर. दोरी हलली की मी पलंगावर. ह्यांनी नाड्यांचे बूट देऊन टाकले.

पुढच्या शुक्रवारी गौरम्मा फाटकाबाहेरूनच म्हणाल्या, "रुपये नागदेवाला दिले होते, ह्या सापाला नाही." मान खाली घालून मी घरोघर परत करत फिरले. शेवटचं घर गौरम्मांचं. रुपया घ्यायच्या आधी त्यांनी माझी पिशवी अंगणात उपडी करून झटकली. मग त्यांनी न सांगताच मी पदरही झटकून दाखवला.

"सरी, ठीक आहे, अक्का," त्या म्हणाल्या, "फिटले सगळे."