सुनंदाने ती फाईल उडवली नाही

सुनंदा गेली. दुपारी, धुळ्याच्या दवाखान्यात, डबा खाऊन झाल्यावर.

किडनीचं दुखणं जुनं होतं. आम्हाला माहीत होतं. तिला तर होतंच.

ज्यांना ती माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते.
शहाद्यात माझं ब्युटी पार्लर आणि त्याला लागून तिचं व्हिडिओ मिक्सिंगचं दुकान. तिचे मिस्टर दिलीपभाऊ लग्नांचं शूटिंग करायचे. सुनंदा कॉम्प्युटरवर बसून कापाकापी करायची, गाणी टाकायची.

फार बोलायची नाही. हसायचीही बेतानेच.

एका उन्हाळ्यात, ऐन सीझनमध्ये, तिचा कॉम्प्युटर बिघडला. थोडा चालायचा, मग आपोआप बंद पडायचा.

रिपेअरवाला म्हणाला, "विंडोज नव्याने टाकावी लागेल. हार्ड डिस्क कोरी होईल. काय हवं ते आधी डीव्हीडीवर काढून घ्या."

हवं सगळंच होतं. दोन सीझनची लग्नं त्यात पडून होती.

त्यातलं आदल्या वर्षीचं एक लग्न वेगळं होतं.

मुलगी नवापूरची. मुलगा सारंगखेड्याचा, दिलीपभाऊंचा चुलत भाऊ, सुरतेला नोकरीला.
काही महिन्यांतच मुलीला माहेरी आणून सोडलं. मुलाचं दुसरीकडे जमत होतं. मग त्याच्या घरचे म्हणायला लागले, लग्न कुठे झालं, नुसता साखरपुडा झाला होता.

अल्बम आणि सीडी सासरीच राहिलेली.
साक्ष द्यायला कोणी पुढे येईना. दिलीपभाऊसुद्धा नाही. सख्ख्या काकाच्या विरोधात कसं जाणार?

मुलीचे वडील सुनंदाकडे येऊन गेले होते. वकिलाने सगळं शूटिंग मागितलं होतं, न कापलेलं. कॅमेऱ्याच्या कॅसेटवर तर केव्हाच पुढची लग्नं शूट झाली होती. म्हणजे ते लग्न आता फक्त त्या बिघडलेल्या कॉम्प्युटरमध्ये होतं.

आमच्याकडे तेव्हा लाईट रोज जायची. डीव्हीडी राईट होताना लाईट गेली की ती डीव्हीडी वाया. म्हणून माझ्या इन्व्हर्टरवरून तिला वायर द्यायची ठरली. मी वायर घेऊन गेले तर दुकानात आप्पा बसलेले. मुलाचे वडील, म्हणजे सुनंदाचे चुलत सासरे.

मला बघूनही त्यांनी बोलणं थांबवलं नाही.

"सुनंदा, तुन्हा कॉम्प्युटर तसाबी खराब शे. ते लगीन उडी गयं, असं सांगी दे."

"कोनले सांगू आप्पा?"

"कोनी इचारं तर."

सुनंदाने डोक्यावरचा पदर सारखा केला.
"लगीन व्हयनं ना आप्पा? त्यामा तुम्हीबी शेतस. नवरदेवले फेटा बांधी ऱ्हायनात."

आप्पा म्हणाले, "घरनी गोट घरमा ऱ्हावाले जोयजे."

"ती पोरबी घरनीच व्हती ना."

आवाज चढवला नाही तिने. आप्पा समोरचा चहा तसाच ठेवून निघून गेले.

मी विचारलं, "आता गं?"
ती म्हणाली, "वायर दे."

त्या लग्नाची फाईल एवढी मोठी की एका डीव्हीडीत मावेना. तिचे तुकडे करून एकेक तुकडा एकेका डीव्हीडीवर टाकायचा. एक जरी खराब निघाला तरी बाकीचे निरुपयोगी, जोडताच येत नाहीत.

मधेच कॉम्प्युटर बंद पडायचा. ती पंखा लावून तो गार करायची आणि परत बसायची. कोऱ्या डीव्हीडी वाया जात जात संपल्या. शहाद्यात आणखी मिळेनात.

आप्पा येऊन गेल्यापासून दिलीपभाऊ तिच्याशी बोलत नव्हते. सकाळी दुकान उघडून द्यायचे आणि जाऊन समोरच्या पानटपरीवर बसायचे.

डीव्हीडी संपल्याचं तिने त्यांना सांगितलं नाही. मीच सांगितलं.

त्यांनी मोटारसायकल काढली. नंदुरबारला जाऊन आले. पिशवी तिच्या टेबलावर ठेवली आणि परत टपरीवर जाऊन बसले.

सगळे तुकडे झाल्यावर माझ्या मुलीच्या लॅपटॉपवर आम्ही ते जोडून बघितले. अंतरपाट, अक्षता, मंगळसूत्र. सुनंदाने शेवटपर्यंत बघितलं, कुठेही पुढे ढकललं नाही. ती मुलगी भरपूर हसत होती त्यात.

मग रिपेअरवाल्याला फोन केला, "या आता."

दुकानामुळे सुनंदा स्वतः त्या लग्नाला गेली नव्हती, तरी कोर्टात बोलावलं तर येईन, हे शूटिंग आमच्याच दुकानाचं आहे असं सांगेन, असं तिने डीव्हीडी देतानाच मुलीच्या वडिलांना सांगितलं होतं. तशी वेळ आली नाही. शूटिंग वकिलाच्या हातात आहे म्हटल्यावर मुलाकडच्यांनी लग्न नाकारणं सोडलं. रीतसर घटस्फोट झाला. मुलीचे दागिने, भांडी परत आली.

मुलगी आता नवापूरला एका पोल्ट्रीच्या ऑफिसात आहे. तिचं नाव लिहीत नाही.

सासरच्या भाऊबंदांनी मात्र सुनंदाला पुन्हा कधी लग्नाची ऑर्डर दिली नाही. पत्रिकाही देईनात. वाईट वाटतं का, असं मी एकदा विचारलं. म्हणाली, "वाटस ना. मन्हीबी माणसंच शेतस ती."

त्यापुढे कधी तो विषय काढला नाही. दिलीपभाऊंनीही नाही.

काल अंत्यविधीला सारंगखेड्याहून गाडी आली. आप्पा उतरले. आता खूप थकलेत, काठी घेऊन चालतात. इतक्या वर्षांत या दारात पहिल्यांदाच.

ओट्यावर दिलीपभाऊंच्या शेजारी बसले.

मग आप्पा म्हणाले, "खरी व्हती."

दिलीपभाऊंनी मान हलवली आणि ते पहिल्यांदा रडले.

सुनंदा, येते गं.
शेजारीण.