दाजींचे दहा टन

जगातली कुठलीही वस्तू तिच्यावर टाकलेलं ओझं पेलेल, यावर आमच्या दाजींचा, म्हणजे थोरल्या बहिणीच्या यजमानांचा, काडीचाही विश्वास नव्हता. मांडवात बसण्याआधी ते खुर्ची दोन्ही हातांनी दाबून पाहत आणि ती कुरकुरली की मांडववाल्याला फैलावर घेत. माझ्या लग्नात तर फोटोसाठी स्टेजवर चढलेल्या माझ्या चुलत सासवांना त्यांनी खाली उतरवलं. "फळ्या किती वजन पेलत्यात, इचारलं का कुणी?" सासरी मला त्यावरून अजून टोमणे बसतात. लासूर स्टेशनच्या जीपवाल्यांशी त्यांचं कायमचं वैर. टपावर माणूस दिसला की दाजी रस्त्यात आडवे.

वाळूजला कारखाने उभे राहत होते आणि शहरात नामांतराचे मोर्चे, बंद चालू होते, तेव्हाची गोष्ट. आम्ही एकाच कारखान्यात. ते गोदामावर, मी हिशेबात. नव्या गोदामाच्या धक्क्यावरून फोर्कलिफ्ट थेट ट्रकात जावी म्हणून मध्ये टाकायला लोखंडी प्लेट घ्यायची होती. मॅनेजर म्हणाले, "माल दोन टन. प्लेट तीन टनांची पुरे." दाजी भडकले. "आन् फोर्कलिफ्ट काय उडत येणार व्हय?" मॅनेजरांनी ओशाळून सहा टन केले. दाजी दहावर अडून बसले.

कारण आमच्याकडची रीत. माल जड होऊन फोर्कलिफ्टची मागची चाकं उचलली, की तोल साधायला चार हमाल तिच्या मागं चढून लटकत. दोघं नामांतराच्या मोर्चांत जाणारे, दोघांच्या गावात नामांतराचं नावही काढायची सोय नाही. चहा वेगवेगळा पीत, पण मागं चढले की एकमेकांचे खांदे घट्ट धरत. दाजींना भयंकर संताप. "माणसं लटकवून उचलता, तो माल दोन टनांचा कसा? प्लेट वाकली तर पाय कुणाचे जातील?"

"माणसं चढतात असं कागदावर कुठंय?" मॅनेजर म्हणाले.

"मग मी चढतो. लिहा आता!" असं ओरडून दाजी सफारीसकट मागं चढले ते उतरेनातच. जेवणाची सुट्टी झाली, संपली. काम ठप्प. शेवटी मालक आले. "दहाची मागवा, पण यांना खाली घ्या."

प्लेट आली. हमाल चढतच राहिले. दाजी ओरडत, "प्लेट दहा टनांची हाय, तुमची हाडं नायत!" ते हसत उतरत आणि पाठ वळली की पुन्हा वर. पुढं दाजींना बिडकीनच्या जुन्या गोदामावर धाडलं, तिथं ना धक्का, ना फोर्कलिफ्ट. या अन्यायाची मला आजही चीड येते.

ते बिडकीनला रुजू झाले त्याच दिवशी इकडं जड माल आला. ड्रायव्हरनं हाक मारली, पण चौघं जागचे हलले नाहीत. थोरला हमाल म्हणाला, "माल निम्मा कर. दोन खेपा मारू. आता उतरवायला साहेब नायत, आपलं आपल्यालाच बघावं लागंल."

संध्याकाळी बहिणीकडं जेवताना मी दाजींना हे सांगितलं. ते उखडलेच. "मी होतो तवा काय झालं हुतं त्यांना?" ताटातली भाकरी तशीच राहिली. त्या रागीट माणसाचे डोळे भरलेले पाहून मलाही गलबलून आलं.

जरा वेळानं त्यांनी विचारलं, "चौघंबी?"

"चौघंही," मी म्हटलं.